गाता येत नाही, बोलता येत नाही. मग मंडळीत माझे कृपादान कोणते?

लेथवाला_उद्यमनगर

सर्वांना सलाम.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्निंगचे छोटे वर्कशॉप चालवतो. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि हाताखाली एक मुलगा, एवढाच पसारा आहे. शिरोलीच्या कारखान्यांचे आणि आसपासच्या फौंड्र्यांचे जॉबवर्क येते, त्यावर घर चालते. आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास आजोबांपासून आहे. रविवारची उपासना मी सहसा चुकवत नाही, दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, मंडळीला देतो आणि नाताळ जवळ आला की चर्चच्या दर्शनी भिंतीवर चांदणी टांगायला शिडीवर मीच चढतो.

अलीकडे आमच्या पाळकसाहेबांनी रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायावर, म्हणजे देव प्रत्येकाला इतरांच्या सेवेसाठी जी देणगी देतो त्या कृपादानांवर, काही रविवार उपदेश केले आणि शेवटी सगळ्यांना एक छापील प्रश्नावली दिली. अनोळखी लोकांशी बोलायला आवडते का, चारचौघांत प्रार्थना करताना संकोच वाटतो का, लहान मुलांना गोष्ट सांगता येते का, असे प्रश्न होते. उत्तरांना गुण द्यायचे आणि ज्या रकान्याची बेरीज सर्वांत जास्त, ते आपले कृपादान समजायचे. माझी बेरीज सगळ्याच रकान्यांत इतकी कमी आली की शेजारी बसलेल्या मंडळीच्या एका वडिलांनी (एल्डरांनी) कागद पाहून, "तुम्ही आपले प्रार्थना करत राहा," असे हसत सांगितले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण मनाला लागायचे ते लागले.

पन्नाशी उलटल्यावर हा प्रश्न पूर्वीपेक्षा जास्त छळतो. आयुष्यभर लोखंड कातले, त्यातून मुलांची शिक्षणे झाली; पण देवाने मला ज्यासाठी घडवले ते हेच होते का? मंडळीतले काही जण दुकान मुलाच्या ताब्यात देऊन पूर्णवेळ सेवेत जाण्याचा सल्ला देतात. मला उपदेश करता येत नाही, गळा नाही, आणि आजाऱ्यांच्या भेटीला गेलो तर काय बोलावे हे सुचत नाही. अशाच एका भेटीत बोलायला काही सुचेना म्हणून त्या आजींच्या व्हीलचेअरचे डगमगणारे पुढचे चाक काढून दुकानी नेले, धुरीभोवती बसणारी गनमेटलची नळी, म्हणजे बुश, काढला, भोक मापात आणायला आतून रीमर फिरवून बसवला आणि संध्याकाळी परत लावून आलो. प्रार्थना मात्र सोबत आलेल्या भावांनीच केली.

ज्यांनी या विषयाचा विचार केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. दुकान सोडावे का, आणि सोडायचे नसेल तर या दुकानाचा आणि माझ्या विश्वासाचा दशमांशापलीकडे काही संबंध आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे.

निवृत्त_परिचारिका

सलाम भाऊ. मी मिरजेत नर्सिंग शिकले आणि निवृत्त होईपर्यंत वॉर्डातच राहिले, त्यामुळे माझे उत्तर थोडे वॉर्डातल्या नजरेचे असेल.

प्रथम त्या प्रश्नावलीविषयी. ती निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, पण तिच्यात एक मूळची उणीव आहे. ती तुम्हाला काय आवडते आणि काय जमते हे विचारते. तुमच्या गल्लीत, तुमच्या मंडळीत कोणाला कशाची गरज आहे हे विचारत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायाच्या दहाव्या वचनात, प्रत्येकाने मिळालेले कृपादान देवाच्या नानाविध कृपेचा चांगला कारभारी म्हणून एकमेकांच्या सेवेसाठी वापरावे असे सांगितले आहे. कारभारी दुसऱ्याची मालमत्ता सांभाळतो. ती कोणाला, कधी आणि किती द्यायची हे कळण्यासाठी त्याला दारात आलेल्या माणसाकडे पाहावेच लागते. म्हणून कृपादान ओळखण्यासाठी मी आधी एकच गोष्ट विचारते: लोक तुमच्याकडे काय घेऊन येतात? मला खात्री आहे की चर्चचे दार नीट लागत नसेल, पंखा आवाज करत असेल किंवा कोणाच्या कुकरचा दांडा निघाला असेल, तर पहिला फोन तुम्हालाच येतो.

तुम्ही व्हीलचेअरची गोष्ट संकोचाने, जणू प्रार्थना टाळल्याची कबुली म्हणून लिहिली आहे. मी ती वेगळी वाचली. पुढचे चाक डगमगत असलेली व्हीलचेअर म्हणजे काय, हे आम्हा परिचारिकांना ठाऊक असते. ती उंबऱ्यावर अडकते, बसलेले माणूस पुढे झुकते, आणि एकदा पडण्याची भीती बसली की ते माणूस खोलीबाहेर पडणेच सोडते. त्या आजी आज घराच्या ओट्यापर्यंत येत असतील, तर त्यात तुमच्या बुशचा वाटा आहे.

आता पवित्र शास्त्राकडे येते. निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात देव मोशेला बसालेलविषयी सांगतो. त्याला देवाने आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले ते सोने, चांदी आणि पितळ यांची कामे करण्यासाठी, रत्नांना पैलू पाडण्यासाठी आणि लाकडाचे कोरीवकाम करण्यासाठी. मोशेला बोलण्याची अडचण होती म्हणून त्याचा भाऊ अहरोन बोलला, हे आपण संडे स्कूलपासून ऐकतो. पण निवासमंडपाचे, म्हणजे इस्राएल लोकांच्या उपासनेच्या तंबूचे, काम जेव्हा प्रत्यक्ष उभे करायचे होते, तेव्हा देवाने नाव घेऊन बोलावले ते एका कारागिराला. आमच्याकडे या अध्यायावर उपदेश फार क्वचित होतो, याची मला नेहमी खंत वाटते.

नव्या करारात यापोची दुर्कस आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात ती मरण पावल्यावर विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहतात आणि तिने जिवंतपणी शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवतात. तिचा एकही शब्द तिथे नोंदलेला नाही. तिच्या सेवेचा पुरावा म्हणून त्या बायकांनी पुढे केले ते कपडे.

आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल तर केडगावचे घ्या. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रमाबाईंचे नाव सर्वांना माहीत आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या छापखान्यात छपाईचा एकेक खिळा उचलून जुळवणाऱ्या, रमाबाईंच्याच मुक्ती मिशनच्या स्त्रिया होत्या, ज्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही तिथेच झाली होती. भाषांतर करणारी एक आणि खिळे जुळवणाऱ्या अनेक. यांपैकी कोणाचे कृपादान लहान, हे मला तरी ठरवता येत नाही. मिरजेचेही तसेच. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले, १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय सुरू झाले आणि त्यांच्या शस्त्रक्रियांची कीर्ती दूरवर पोहोचली. पण शस्त्रक्रियेची हत्यारे उकळणारा, चादरी धुणारा आणि रात्री कंदील घेऊन फिरणारा माणूस नसेल, तर सर्जनच्या हाताला यश कुठून येणार?

दुकान सोडण्याविषयी मी काही ठरवून सांगणार नाही. पण सोडल्यावर त्या आजींसाठी बुश कुठे काढाल, एवढा विचार करा.

वारीचा_वाटसरू

मी ख्रिस्ती नाही, तरीही लिहितो, कारण प्रश्न ओळखीचा वाटला. आमच्या वारकरी परंपरेत अरणचे सावता माळी मळ्यातच राहिले आणि गोरोबाकाका चिखल तुडवत नामस्मरण करत राहिले. धंदा सोडल्याशिवाय भक्ती होत नाही, असे त्यांना कोणी सांगितले असते तर ते हसले असते. आपल्या लेथबद्दल आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही, असे मला वाटते.

मंडळीचा_खजिनदार

वाटसरू महाराजांचे आभार. त्यांनी सांगितले त्यात आणि आमच्या शिकवणीत बरेच साम्य आहे, पण एक फरकही आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपले काम देवाला अर्पण करणे आम्हालाही मान्य आहे. कलस्सैकरांस पत्रात जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असा उपदेश आहेच. पण कृपादानाविषयी पौल जेव्हा करिंथकरांस लिहितो, तेव्हा ते सर्वांच्या हितासाठी दिले आहे असे म्हणतो. म्हणजे लेथ भक्तिभावाने चालवला एवढ्याने विषय संपत नाही. त्या लेथमुळे दुसऱ्या कोणाचे ओझे हलके झाले का, हे पाहावे लागते.

मार्टिन ल्यूथर यांनी १५२० साली असे मांडले की चांभार, लोहार आणि शेतकरी यांचा प्रत्येकाचा स्वतःचा व्यवसाय असला तरी ते सर्व याजकच आहेत, आणि प्रत्येकाने आपल्या कामाने इतरांच्या उपयोगी पडले पाहिजे. याचा साधा अर्थ असा की फौंड्रीला दिलेला जॉब मापात बरोबर असणे, ठरल्या दिवशी देणे आणि हाताखालच्या मुलाचा पगार वेळेवर करणे हीच सेवेची पहिली पायरी आहे. मंडळीत पुढे पुढे करणारा आणि धंद्यात मापात पाप करणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे.

परिचारिकाताईंच्या लिखाणाशी मी सहमत आहे, तरी दोन ठिकाणी सावध करतो. एक म्हणजे, हाताला कसब असलेला माणूस सापडला की मंडळी त्याचा फुकटचा मिस्त्री करून टाकते. आज दार, उद्या पंप, परवा कमिटीतल्या कोणाच्या तरी घरचे गेट. गेट ज्यांना पैसे देऊन करून घेता येते, त्यांनी ते पैसे देऊनच करून घ्यावे. सेवा गरजवंताची करायची असते, सोयवंताची नव्हे. मालाचा खर्च मंडळीच्या निधीतून घ्यायला संकोचू नका. खजिनदार या नात्याने सांगतो की गनमेटलच्या तुकड्याची पावती वहीत आली, तर उलट आम्हालाच बरे वाटते, कारण मग पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद ठेवता येते.

दुसरे असे की एकट्याने सगळे अंगावर घेऊ नका. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी ते काम कमी प्रतीचे म्हणून झटकले नाही आणि स्वतःच्या डोक्यावरही घेतले नाही. सात जण निवडले, त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि काम त्यांच्याकडे सोपवले. जेवण वाढण्याच्या व्यवस्थेसाठी हात ठेवून प्रार्थना! आमच्याकडे ती फक्त पाळकांच्या दीक्षेच्या वेळी दिसते.

पूर्णवेळ सेवेत जाण्याच्या सल्ल्याविषयी: काहींना तसे पाचारण असते आणि ते खरेही असते. पण लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला पुन्हा एकदा वाचा. त्याच्याजवळ तेल होते, द्राक्षारस होता, जनावर होते आणि थोडे पैसे होते. जे होते ते त्याने वापरले, जखमी माणसाला उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी दोन दीनार तिच्या मालकाला दिले, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या वाटेला लागला. त्याने प्रवास रद्द केला नाही, धंदाही मोडला नाही. पुढची शुश्रूषा त्या मालकाने केली, ज्याचा तो रोजचाच व्यवसाय होता. तुमच्या मित्रांच्या सल्ल्याच्या तराजूत हे वजनही टाकून पाहा.

लेथवाला_उद्यमनगर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. बसालेलचा अध्याय काल रात्री घरात मोठ्याने वाचला. दुकान सोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवतो.

आणखी दोन शंका आहेत. मंडळीत मदतीची गरज असलेली घरे थोडी आहेत, पण मंडळीबाहेर ती पुष्कळ आहेत. तिथे गेलो तर, हा ख्रिस्ती माणूस काहीतरी हेतू मनात धरूनच आला असेल, असा संशय घेतला जातो, हे मी अनुभवले आहे. अशा वेळी काय करावे? आणि माझ्याकडचा मुलगा हुशार आहे, त्याला फक्त जॉब लावायला आणि काढायला शिकवण्यापलीकडे माझे काही कर्तव्य आहे का?

दसरा_चौक

काका, पहिल्या शंकेवर मी लिहिते. आमच्या तरुण संघातले आम्ही काही जण आठवड्यातून एक सकाळ इथल्या सरकारी सीपीआर रुग्णालयात जातो. वैद्यकीय ज्ञान आमच्यापैकी कोणालाच नाही. आम्ही फक्त कागद वाचतो आणि अर्ज भरतो.

हे काम किती लागते याची कल्पना बाहेरून येत नाही. चंदगड, भुदरगड, राधानगरी भागातून माणसे पहाटेच्या एसटीने येतात. रुग्णाला खाटेवर ठेवून एक नातेवाईक कागदांची पिशवी घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत असतो. मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्रापाशी, म्हणजे योजनेच्या मदतनिसापाशी, जायचे असते, हे त्याला ठाऊक नसते. ठाऊक झाले तर रेशनकार्डावर आजीचे नाव सखुबाई आणि आधारकार्डावर सखू असते, आणि तिथे गाडी अडते. मग ते नाव जुळवायला कोणता दाखला लागेल, तो गावातून कोण आणि कसा पाठवू शकेल, त्याचा फोटो मोबाईलवर मागवून तोवर चालेल का, हे शांतपणे विचारून घेणारे कोणीतरी सोबत लागते. माझे अक्षर चांगले आहे आणि मला रांगेत उभे राहण्याचा कंटाळा येत नाही. आपल्या प्रश्नावलीत या दोन्हींसाठी रकाना नव्हता, हे मी पैजेवर सांगते. अर्थात रोमकरांस पत्र पौलाने सांगितले आणि तर्तियाने लिहून घेतले. शेवटच्या अध्यायात त्याने स्वतःचा एका ओळीचा सलामही घातला आहे. तेवढ्यावर मी खूश आहे.

आता संशयाविषयी. आम्ही सुरुवातीलाच काही नियम ठरवले आणि ते मोडणाऱ्याला पुन्हा सोबत नेत नाही. मदत करताना कोणत्याही धर्माचा कागद हातात द्यायचा नाही. आजारी माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना उपासनेचे निमंत्रण द्यायचे नाही, कारण अडलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही आणि त्या अडचणीचा फायदा घेणे हे ख्रिस्ताला शोभणारे नाही. कोणी आपण होऊन विचारले, तर आपण कोण आणि का येतो हे न लपवता एका वाक्यात सांगायचे. आणि दुसरे कोणी हेच काम करत असतील, तर त्यांच्यासोबत करायचे, वेगळा फलक लावायचा नाही. काही लोक तरीही संशय घेतात. घेऊ द्यावा. सातत्याने तेच तोंड दिसत राहिले की बहुतेकांचा निवळतो, आणि ज्यांचा निवळत नाही त्यांचाही अर्ज आम्ही तितक्याच काळजीने भरतो.

तुमच्या कसबाविषयी एक आठवण सांगते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरानंतर शिरोळ तालुक्यात भाकरी, चादरी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली होती, सर्व जातिधर्मांची माणसे राबत होती. पण पाणी ओसरल्यावर गाळाने भरलेले शिवणयंत्र पुढ्यात ठेवून बसलेल्या एका बाईला, ते उघडून बघणारा माणूस काही मिळेना. तिचे पोट त्या यंत्रावर होते. वाटायला आलेल्या साड्या तिच्याकडे पुरेशा जमल्या होत्या. तुमच्यासारखा माणूस त्या दिवशी पेटीत स्क्रूड्रायव्हर, रॉकेल आणि तेलाची बुधली घेऊन आला असता, तर तिथे कोणी धर्म विचारला असता असे मला वाटत नाही.

मंडळीचा_खजिनदार

ताईंचे नियम आमच्या पंचायतीपुढे ठेवण्यासारखे आहेत. एकच भर घालतो: रोमकरांस पत्राच्या त्याच बाराव्या अध्यायात दया करणाऱ्याने ती संतोषाने करावी असे म्हटले आहे. तोंड वाकडे करून केलेली मदत समोरच्याला भिकेसारखी लागते, आणि खिडकीपाशी दुपारपर्यंत उभे राहून तोंड सरळ ठेवणे सोपे नसते. आठवड्यातून एकच सकाळ ठरवली आहे, ते शहाणपणाचे आहे. लोकांचे तंटे दिवसभर एकट्याने सोडवणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो म्हणालाच होता की असे एकट्याने दिवसभर बसशील तर तूही थकशील आणि हे लोकही थकतील.

निवृत्त_परिचारिका

भाऊ, तुमची दुसरी शंका मला पहिलीपेक्षा मोलाची वाटली. निर्गमच्या पस्तिसाव्या अध्यायात बसालेलची गोष्ट पुन्हा येते आणि तिथे एक जास्तीची ओळ आहे: त्याच्या आणि त्याचा सोबती कारागीर अहलियाब याच्या मनात देवाने दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही घातली. निवासमंडपाचे काम दोघांच्या हातांनी पुरे होण्यासारखे नव्हतेच.

जॉब लावणे आणि काढणे शिकवलेत, तर तो मुलगा आयुष्यभर तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवर उभा राहील. त्याला ड्रॉइंग वाचायला शिकवा, टूलला धार लावायला शिकवा, मायक्रोमीटरने शतांश मिलिमीटरचे माप घ्यायला शिकवा, आणि गिऱ्हाइकाला दर सांगताना हिशेब कसा करायचा हेही दाखवा. तो पुढे तुमच्याच शेजारी गाळा घेऊन बसेल या भीतीने पुष्कळ उस्ताद शेवटची विद्या हातची राखून ठेवतात. ते मी आमच्या व्यवसायातही पाहिले आहे, जुन्या परिचारिका नव्या मुलींना शीर सापडत नसेल तर ढकलून स्वतः सुई टोचत, पण शीर कशी शोधायची ते दाखवत नसत. तो मुलगा ख्रिस्ती आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही आणि या बाबतीत ते विचारण्याची गरजही नाही.

त्याला आयटीआयची परीक्षा बाहेरून देता येते का याची चौकशी कळंबा रस्त्यावरच्या आयटीआयमध्ये करा, आणि अभ्यासासाठी दुपारचा एखादा तास पगार न कापता द्या. व्हीलचेअरचे पुढचे काम आले, तर बुश त्याला काढू द्या आणि तुम्ही फक्त माप तपासा. आणि त्याला डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय लेथपाशी उभे करू नका. लोखंडाचा कीस डोळ्यात गेलेली तरुण मुले मी फार पाहिली आहेत.